पिवळा शिवप्पा आणि धडधाकट नीलम्मा

मित्रांनो, मी रक्त फिरवायचं एक जुनं यंत्र आहे. सोलापुरातल्या एका लहान दवाखान्यात मला टेबलाच्या कडेला आवळून बसवलं होतं. दांडा फिरवला की माझ्यातल्या नळ्या गरगरत. रक्तातलं तांबडं तळाशी बसे आणि पिवळसर पाणी वर येई. डॉक्टर रुद्राणीबाई माझं कौतुक करत. मलाही वाटे, आपल्याला रक्तातलं सगळं कळतं. पण सत्त्याहत्तर साली माझी मती गुंग झाली.

चादरीच्या कारखान्यातला शिवप्पा कावीळ होऊन आला. डोळे हळदीसारखे. सोबत आई मायाक्का आणि बायको नीलम्मा.

"हिच्या हातचं खाऊनच झालंय," मायाक्का सुनेकडे बोट दाखवत म्हणाली.

बाईंनी नवरा-बायको दोघांचं रक्त माझ्यात फिरवलं आणि वरचं पाणी तपासणीला पुण्याला पाठवलं. शिवप्पाच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू निघाला. आणि ठणठणीत नीलम्माच्याही!

"मंग हिच्याकडनंच आलं की," मायाक्का म्हणाली. बाई थांबा म्हणत असतानाही तिनं सुनेला अक्कलकोटला माहेरी धाडलं.

शिवप्पा हळूहळू सुधारला. बाईंनी निरोप पाठवून नीलम्माला परत बोलावलं. या वेळी तिच्यासोबत मायाक्काचंही रक्त घेतलं. पुण्याहून उत्तर आल्यावर तिघांना समोर बसवलं.

"नीलम्माच्या रक्तात आता विषाणू नाही."

"औषद काय दिलं हिला?" मायाक्कानं विचारलं.

"काहीच नाही. शरीरात जन्मापासूनचे पहारेकरी असतात. विषाणू शिरला की पेशी एक द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. मग त्याला स्वतःच्या नकला काढता येत नाहीत. हिचे पहारेकरी बहुधा वेळेवर जागे झाले. शिवप्पाच्या अंगात मात्र विषाणू आधी फोफावला. मग शरीराचं सैन्य विषाणू शिरलेल्या पेशींवरच तुटून पडलं. त्या लढाईनं यकृत सुजलं, म्हणून शिवप्पा पिवळा पडला."

मी चक्रावलो. म्हणजे शिवप्पाला पिवळं केलं ते त्याच्याच शरीरानं?

"आणि मायाक्का, हा विषाणू तुमच्याही अंगात कधीतरी येऊन गेलाय. रक्तात त्याची खूण राहिलीय."

"मला कदी कावीळ झाली न्हाय."

"हिला तरी कुठं झाली?"

मायाक्का हळूच म्हणाली, "मंग माज्याकडनं पोराला?"

"कोणाकडून कोणाला, ते रक्त सांगत नाही. पण हा रोग जेवणातून येत नाही. न उकळलेल्या सुईतून येतो, रक्तातून येतो."

मायाक्का उठली. नीलम्माचं गाठोडं तिनं स्वतःच्या काखोटीला मारलं.

"चल," ती म्हणाली. "घरी चल."

मित्रांनो, आता माझी जागा विजेच्या यंत्रानं घेतलीय आणि मी कपाटावर धूळ खात आहे. दोघांपैकी एकाचेच पहारेकरी का जागे झाले, हे मला अजून उमगलेलं नाही. बाईंनाही पुरतं ठाऊक नव्हतं. पण रोग सुईतून येतो एवढं कळलं, तेव्हा टोचण्याआधी सुई नवी आहे का, ते विचारत जा. आणि कोणी आजारी पडलं तर घरातल्या कुणाकडे बोट दाखवू नका. त्या माणसाच्या अंगात कोणती लढाई होऊन गेली, ते त्यालाही माहीत नसतं.