डुगडुगत्या टेबलाखालचा नावाडी

मी एक जुना नावाडी आहे, पण पलीकडे जायला माझ्याकडे याल तर फसाल. मित्रांनो, मी राहतो पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, आणि माझी नदी कागदावर निळ्या पेन्सिलीने काढलेली आहे.

या घरातली ताई दर रविवारी जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालवायची. खेळणारे एकेक वीर व्हायचे, फासे टाकायचे, राक्षसांशी लढायचे. वाटेत भेटणारी बाकी सगळी माणसं, पहारेकरी, चेटकीण, राजा, ताई एकटीच व्हायची. तिचा स्वतःचा वीर कधीच नसायचा. मलाही तिनंच जन्माला घातलं, तेही घाईघाईत. वीर नदीकाठी येऊन ठेपले आणि होडी कोण वल्हवणार हे तिनं ठरवलंच नव्हतं. तिनं एका पुठ्ठ्यावर झटपट खरडलं, 'नावाडी. म्हातारा. खोकतो. पोहता येत नाही.' पोहता न येणारा नावाडी! तिचा भाऊ हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

माझं काम दोन मिनिटांचं. पार नेलं की संपलो. पण त्या दिवशी एक भिडू कमी होता, म्हणून त्यांच्या आईला ओढून आणून वैदूबाई केलं होतं. होडी मधोमध आली तसा भाऊ ओरडला, "ए म्हाताऱ्या, वल्हव की जोरात!"

"वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का रे?" आई म्हणाली. "काका, केवढे खोकताय! जेवलात का तुम्ही?"

"आई, तो खरा नाहीये गं!"

"नसू दे. विचारायला काय जातंय?"

ताईनं मला उलटसुलट करून पाहिलं. माझ्या पुठ्ठ्यावर जेवणाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. मग ती माझ्या आवाजात, खोकत म्हणाली, "नाही हो बाई. सकाळपासून सगळ्यांना पार नेतोय. कुणी विचारलंच नाही." वैदूबाईंनी होडीतच शिदोरी सोडली.

तेव्हापासून माझा भाव काय वधारला म्हणून सांगू! चार वर्षं प्रत्येक मोहीम माझ्या काठावरून निघाली. अडलं की सगळे म्हणायचे, "काकांना विचारू." मीही शिष्टासारखा सल्ले द्यायचो. माझी मागची बाजू ताईच्या बारीक अक्षरानं भरून गेली.

मग ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि खेळ थांबला. मला फार भीती वाटली. आम्ही दुसऱ्याच्या तोंडून बोलणारी माणसं. बोलणारंच कुणी उरलं नाही, तर मी नुसता पुठ्ठा! झालंही तसंच. भावानं माझी घडी घालून मला टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. ज्या टेबलावर मी मिरवलो, त्याच्याच पायाखाली वर्षभर चेंगरून पडलो.

एके दिवशी केर काढताना आई खाली वाकली. "अगंबाई, काका!" तिनं मला पदरानं पुसलं आणि जाड पुस्तकात दाबून सरळ केलं. मग चष्मा लावून महिनाभर ती खेळाचे नियम वाचत बसली.

ताई सुट्टीवर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. "आता खेळ नको हं. कुणाला सांभाळायची ताकद नाही माझ्यात."

"तुला चालव म्हणतंय कोण? तू खेळ. मी चालवते."

आयुष्यात पहिल्यांदा ताईचा स्वतःचा वीर नदीकाठी आला. आईनं मला उचललं, जरा जास्तच खोकली आणि माझ्या आवाजात म्हणाली, "ये पोरी. जेवलीस का?"

"आई, आधी फासे टाकायचे असतात!" भाऊ म्हणाला.

"टाकू रे. आधी तिला होडीत बसू दे."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही हो काका," ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

मित्रांनो, मला अजून पोहता येत नाही, माझ्या अंगावरची घडीही जाणार नाही. पण मी परत बोलू लागलो आहे. तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांना पार नेत असेल. त्या माणसाला आज एकदा विचारा, जेवलात का. विचारायला काय जातंय?