कोपरात नाही, बाटलीत

मी एक जुना स्क्रू आहे.

खोडा ते वाक्य. मित्रांनो, मला जुनं होताच येत नाही. मोडलेलं हाड जुळेपर्यंत घट्ट धरायचं आणि मग माणसाच्या अंगातच विरघळून जायचं, यासाठी माझा जन्म. स्टीलचा स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं. मला काढावंच लागत नाही.

जन्म.

चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मी घडलो. माझ्या या विरघळणाऱ्या प्लास्टिकपायी सरिता मॅडमनी कितीतरी वर्षं घातली. कधी ते फार लवकर विरघळे, कधी विरघळतच नसे. शेवटी जमलं. मला चकचकीत पाकिटात बंद करताना त्यांनी सगळ्यांना बजावलं, "पाणी लागलं की हा विरघळायला लागतो. हाडात जाईपर्यंत कोरडाच पाहिजे."

मी कुणाच्या हाडात जाणार, तेही ठरलं होतं. पॅकिंगमधले सांडूभाऊ करमाडचे. त्यांच्या लेकीचं, अमृताचं, मोडलेलं कोपर वाकडं जुळलं होतं. दिवाळीनंतर ऑपरेशन.

कौतुक.

यानंच माझा घात केला! खंडेनवमीला मशिनींना हार घातले. सरिता मॅडम पुण्याला गेलेल्या. मालक अनंतरावांनी सगळी पाकिटं कापायला लावली. "पूजा काय पाकिटाची करायची? कुंकू स्क्रूला लागलं पाहिजे."

हळद. कुंकू. फुलानं शिंपडलेलं पाणी. वर नारळाचं पाणी. सांडूभाऊंनी तर मला ओंजळीत घेऊन कपाळाला लावलं.

"साहेब, मॅडम पाणी नको म्हणल्या होत्या. चालंल ना?"

"अरे सांडू, देवाचं पाणी ते! त्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी? पूस आणि कर पॅक."

पूस! पाणी काय माझ्या अंगावर बसून राहतं? ते आत शिरतं. बंद पाकिटात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, मी आतून खचत गेलो. बाहेरून मात्र तसाच गोरागोमटा.

काम.

(ही जागा रिकामीच ठेवा.)

दिवाळीनंतर मॅडमनी तपासायला आमची पाकिटं उघडली. माझ्या आट्यांत पिवळी हळद. शेजारच्या पाकिटातल्या माझ्या स्क्रूभावाला त्यांनी पकडीत धरून पिळलं. कट्! खडूसारखा तुटला.

"याला पाणी कुणी लावलं?"

"पूजेत लागलं, मॅडम," सांडूभाऊ म्हणाले. "मी इचारलं होतं साहेबांना."

"चार थेंबांनी काय होतंय?" अनंतराव म्हणाले. "बाकीचे द्या पाठवून. दिसायला तर चांगले आहेत."

"हाड जुळायच्या आधी आत तुटला तर? तुमच्या नातीच्या कोपरात घालाल?"

अनंतराव घड्याळ बघू लागले.

"म्हंजी आता स्टीलचाच?" सांडूभाऊंनी विचारलं. "अन् तो काढायला पोरीला पुन्हा फाडायचं व्हय?"

मॅडम हो म्हणाल्या. नवे स्क्रू ऑपरेशनपर्यंत होणार नव्हते.

शेवट.

मला कोमट पाण्याच्या बाटलीत टाकलंय. ओला झालेला स्क्रू किती लवकर संपतो, ते बघायला. मित्रांनो, सांडूभाऊंच्या ओंजळीवर माझा राग नाही. त्यांनी निदान विचारलं तरी! राग आहे तो 'देवाचं पाणी ते' म्हणून त्यांना गप्प बसवणाऱ्यावर. ज्याला जपायचं, त्याला काय सोसत नाही हे आधी विचारा. आणि कुणी सांगितलं असेल तर ऐका.

आज अमृताच्या कोपरात स्टील बसलं. मी विरघळतोय. ठरल्याप्रमाणे. फक्त माझ्या पकडीत
हाड
नाही.