थोरल्या भावाचं स्वभावचित्र

“खोटा रडतोय तो,” बकुळा म्हणाली.

गुणाजी मयेकर मास्तर सांगता सांगता थांबले. रत्नागिरीच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकोणतीस साली, शंभर वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी लागली होती. उद्या शिकवायचं प्रकरण मास्तर आज संध्याकाळी ओटीवर बसून बायकोला मराठीत सांगत. बकुळाला अक्षरओळख नव्हती. पण आपल्या भाषेत नीट सांगता आलं म्हणजे आपल्याला समजलं, अशी मास्तरांची समजूत होती; आणि ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

“कोण खोटा रडतोय?”

“तो थोरला भाऊस.” ती सुपातले कुळीथ निवडत होती.

“अगं, तो मोठा जमीनदार आहे. धाकटा भाऊ जहाजावर गेला, जहाजाचा पत्ता नाही. हा बंदरावर जाऊन रडतो, चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवतो. उदार आणि प्रेमळ माणूस आहे तो.” मुंबईहून मागवलेल्या छापील गाइडात असंच लिहिलं होतं.

“किती दिसांनी बसवलान दगड?”

मास्तरांनी पानं उलटली. जहाज मार्चात सुटलं होतं आणि दगड जानेवारीत बसला होता. “दहा महिन्यांनी.”

“मग बगा. माझा बापूस मचव्यासकट दर्यात गेला तेव्हा मी सात वर्षांची. भावकीतले आले, म्हणाले, क्रिया उरकून टाकू. माझी आवस दारात कोयती घेऊन उभी राहिली. बारा वर्षं कुंकू पुसलान नाय. ज्याला माणूस परत हवा असतो, तो घाई करीत नाय ओ. धाकटा नसला तर त्याच्या वाट्याची जमीन कोणाची?”

“थोरल्याची.”

“हां,” ती म्हणाली आणि सूप पाखडायला अंगणात उतरली.

मास्तरांनी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. लेखकाने सगळं लिहून ठेवलं होतं. दगडाची तारीख होती, वकिलाची भेट होती, बंदरावरून परतताना थोरल्याने भरपेट जेवल्याचा उल्लेखही होता. चार वेळा वाचून हे त्यांना दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात सांगितलं. कोयती आणि कुंकू गाळलं, बाकी तसंच ठेवलं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे झुकली. खिडकीबाहेरून जाणारे हेडमास्तर शेवडे थबकले आणि तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले. “मयेकर, हे कुठल्या ग्रंथात आहे?” त्यांनी नंतर विचारलं. मास्तर म्हणाले, “ग्रंथात नाही सर. विचार केला.”

विचार कोणी केला, हे शेवड्यांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. शिक्षकांच्या मासिकात त्यावर लेख लिहायचं ठरलं. लेख लिहिताना मास्तरांना प्रत्येक वाक्यात कुळथाचा वास येऊ लागला.

शाळेला रोज चार मैल चालत जाऊन, लोकांच्या पडवीत राहून, शब्दकोशाची पानं फाटेपर्यंत घोकून त्यांनी इंग्रजी कमावलं होतं. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या आळीतले ते पहिले बी. ए. पुस्तकांतल्या त्या परक्या माणसांच्या दारापाशी पोचायला त्यांची वीस वर्षं गेली. आणि ही सूप हातात घेऊन सरळ त्यांच्या माजघरात शिरली! ती जेवायला वाढू लागली की मास्तर तिच्या शांत चेहऱ्याकडे न पाहता खाली मान घालून जेवत. त्याहून वाईट एक विचार होता. गोष्टीतला माणूस जिने दोन वाक्यांत ओळखला, तिने आपल्याला सोळा वर्षांत काय ओळखलं असेल?

त्यांनी गोष्ट सांगणं बंद केलं.

“पुढे काय झालं ओ?” आठवड्याने तिने विचारलं. “धाकटा आला काय परत?”

“संपली ती गोष्ट.”

“आला काय पण?”

“नाही आला,” मास्तर म्हणाले. पुस्तकाची नव्वद पानं उरली होती आणि त्यांतल्या बाराव्या पानावरच धाकटा परत येत होता.

ती उठली. अंगणात गेली आणि बराच वेळ माडाच्या आळ्यातली माती उकरत बसली. बापाची वाट ती अजूनही पाहत असेल, हे मास्तरांच्या तेव्हा ध्यानात आलं. उठून खरं सांगावं असं वाटलं. पण ते उठले नाहीत.

उरलेलं पुस्तक त्यांनी एकट्याने शिकवलं. थोरल्याच्या बायकोचं स्वभावचित्र करायला सारा रविवार घेतला. वर्गात मुलं जांभया देत होती.

मार्गशीर्षात लेख छापून आला. मासिकाचा अंक घेऊन शेवडे स्वतः घरी आले. बकुळाने चहा आणून ठेवला तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, तुमच्या यजमानांनी नाव काढलं शाळेचं! दगड बसवायची घाई करणारा माणूस खोटा, हे कुणाला सुचलं नसतं हो.”

मास्तरांची बशी कलंडली. बकुळाने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. अनोळखी माणूस दारात आला की पाहतात, तसं तिने पाहिलं. मग पदर सावरून ती म्हणाली, “ते फार वाचतात.”

तिने एका शब्दाने तक्रार केली असती, तरी मास्तरांना रागावता आलं असतं.

पुढच्या जूनमध्ये नवं पुस्तक लागलं. पहिल्याच संध्याकाळी मास्तर आपण होऊन ओटीवर बसले आणि पहिलं प्रकरण रंगवून सांगितलं. श्रीमंत मावशीकडे वाढलेली एक अनाथ मुलगी होती, मावशीच्या उपकारांखाली वाकलेली. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “काय वाटतं तुला?”

“छान हाय.”

“ती मावशी कशी वाटते?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुमी सांगाल ते खरं.”

रोज असंच झालं. ती ऐके आणि “छान हाय” म्हणे. पाच महिने गेले, दुसरं सत्र सुरू झालं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मास्तर घराच्या मागच्या बाजूने आले. विहिरीपाशी राही मासेवाली टोपली उतरवून बसली होती आणि बकुळा तिच्यासमोर उकिडवी बसून हात उडवीत बोलत होती.

“मावशी दुष्ट नाय गो राही. ती त्या पोरीला भ्याते. पोरीला समदं दिसतं आणि ती काय बोलत नाय. अशा गप्प माणसासंगती एका घरात राहायचं म्हणजे काय सोपं हाय?”

“मग तिनं सरळ विचारावं पोरीला,” राही म्हणाली.

“विचारील कशी? उत्तर ठाऊक हाय ना तिला.”

दोघी हसल्या. बकुळाला असं हसताना मास्तरांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. राहीने बांगड्यांचा वाटा पानावर काढला आणि म्हणाली, “पुढं सांग.”

बकुळा पुढे सांगू लागली. वाळक्या पानांवर पाऊल वाजलं असतं तर ती थांबली असती. मास्तरांनी वहाणा हळूच काढून हातात घेतल्या आणि ते दगडी गडग्याच्या अलीकडे, उन्हात, ऐकत उभे राहिले.