पायरीवरचं बोलावणं

घाऊक बाजाराच्या मोठ्या जिन्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. वरच्या पायरीवर मालाचं वजन करणारे अण्णा तोलार डोळे मिटून पडले होते आणि शेजारी फुंकरबाबा मांडी ठोकून बसले होते. बाबांनी अण्णांच्या मानेवर दोन बोटं टेकवली, मान डोलावली आणि कपाळावर लांबलचक फुंकर मारली. थोड्या वेळाने अण्णा उठून बसले. बाबांचे पाय धरायला हमालांची झुंबड उडाली.

"पायरी भुकेली आहे," बाबा म्हणाले. "आज मी तिला उपाशी ठेवली."

बाजाराला ते पटलंच होतं. त्याच पायरीवर आधीही माणसं कोसळली होती. काही बाबांच्या फुंकरीने उठली, काही गेली. गेलेल्यांचा हिशेब बाबांकडे कोण मागणार?

अण्णांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. बाजारात तिला सगळे सिस्टरच म्हणत. संध्याकाळी तिने बापाला समोर बसवलं.

"अण्णा, घेरी आलेला माणूस आडवा पडला की डोक्याला रक्त पोचतं आणि तो आपोआप उठतो. फुंकर मारा नाहीतर मारू नका. पण घेरी का आली? उद्या कार्डिओग्राम काढू."

"बाबांनी परत आणलंय मला. आता यमाची काय टाप आहे?" अण्णा हसले. "तू आपली सुया टोचत बस."

बाजार समितीला कुणीतरी एक यंत्र दान दिलं होतं. हृदयाचे ठोके अचानक भरकटून माणूस कोसळला, तर ते विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणतं आणि काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं. ते जिन्याच्या माथ्यावर लावा, असं सिस्टर कधीची सांगत होती. पण बाबा म्हणाले, असली वस्तू तिथे टांगणं म्हणजे मरणाला आवतण. चेअरमनसाहेबांनी यंत्र वरच्या मजल्यावर, आपल्या केबिनच्या कपाटात कुलूपबंद केलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

पुढच्याच आठवड्यात, लिलावाच्या ऐन गर्दीत, अण्णा पुन्हा त्या पायरीवर पडले. बाबांनी दोन बोटं मानेवर ठेवली. या वेळी फुंकर मारली नाही.

"बोलावणं आलंय. कुणी हात लावू नका, जीव अडकेल."

सगळे हात जोडून उभे राहिले. अण्णांचा जन्माचा मित्र, थोरला हमाल, तोही. सिस्टर धावत आली तेव्हा फार उशीर झाला होता. तरी ती बापाची छाती दाबत राहिली. शेवटी तिच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरांनी तिचे हात हळूच बाजूला केले.

थोरल्या हमालाने रडत सगळी हकिकत सांगितली तेव्हा तिला ती दोन बोटं खटकली. ती त्याला घेऊन थेट बाबांपुढे गेली. बाजार भोवती जमला. तिने सांगितल्यावर थोरला हमाल डोळे मिटून, श्वास रोखून पायरीवर आडवा झाला.

"सांगा बाबा. फुंकर की बोलावणं?"

बाबांचा हात सवयीने मानेकडे गेला. तिने तो मधेच धरला.

"बोटं न लावता सांगा."

बाबा हात सोडवून घ्यायला धडपडू लागले.

"इथे नाडी लागते," ती सगळ्यांना म्हणाली. "लागली की हे फुंकर मारतात. नाही लागली की बोलावणं. माझ्या बापाचं हृदय थांबलंय हे यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि यांनी तुम्हाला हात लावू दिला नाही."

बाबांनी झोळी उचलली आणि काढता पाय घेतला. कुणी अडवलं नाही.

"पण सगळे इथेच का पडतात?" चेअरमननी खालच्या आवाजात विचारलं.

"सगळा बाजार ओझं घेऊन हाच जिना चढतो, साहेब. जिथे माणसं जास्त आणि दमछाक जास्त, तिथेच हे जास्त घडणार. पायरीला कसली भूक? म्हणून तर यंत्र इथे हवं होतं, कुलपाशिवाय."

यंत्र त्याच दिवशी जिन्याच्या माथ्यावर लागलं. सिस्टरने भरलेलं पोतं आडवं टाकलं आणि हमालांना शिकवलं. हाक मारून माणूस हलत नसेल, श्वास नीट नसेल, तर एकाने छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहायचं, एकाने यंत्र आणायचं, एकाने रुग्णवाहिका बोलवायची.

थोरला हमाल पोतं दाबता दाबता थांबला.

"पोरी, अण्णाला असं दाबलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"माहीत नाही, काका. कदाचित वाचलेही असते. आता ते कधीच कळणार नाही." तिने डोळे पुसले. "पुढचा माणूस पडेल तेव्हा तरी हात जोडून उभे राहू नका. दाबा."