डासांपुरती जाळी

मच्छरजाळीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. मी एक जुनी जाळी आहे, कडेला ठिगळ लावलेली. तरी ऐका.

शिरूरच्या बाजारपेठेत एका दुकानात मी मोठ्या गुंडाळीत होते. कवठे येमाईच्या गेणबांनी दुमजली घर बांधलं, तेव्हा दुकानदाराने मला खिडकीच्या मापाने कापलं, कडेने वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली आणि माडीवरच्या खोलीत चौकटीवर थापून बसवलं. बाहेरून लोखंडी ग्रील, आतून मी. चोर त्याने अडवायचे, डास मी. वाटणी झकास होती. गावात तापाची साथ आली, पण गेणबांची नात करिश्मा ठणठणीत राहिली. तेव्हा सगळ्यांनी माझं तोंडभर कौतुक केलं.

गेणबांचे वाडवडील मेंढरांमागे हिंडलेले. घरातली पोरं उघड्या माळावर वाढलेली. पोर पडलं तर गुडघ्याला माती लागायची, एवढंच. म्हणून आजी कुशाबाईंचं बोलणं ठरलेलं, "पडल्या-झडल्याबिगर पोर मोठं व्हत न्हाई." खरंच होतं ते, पण माळावर.

पुढे सुनेचं, म्हणजे साधनाचं नवं कपाट जिन्यात वळेना. मग काचा आणि ग्रील काढून ते दोराने खिडकीतूनच वर ओढलं. काचा परत बसवल्या, मलाही परत थापलं. ग्रील मात्र अंगणात भिंतीला टेकून राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला.

"आबा, ग्रील बसवून घ्या ना," साधना म्हणाली. "दिवाण खिडकीला लागूनच हाय. पोरगी सारखी चढती त्याच्यावर."

"पितरांच्या पंधरवड्यात नव्या कामाला हात लावायचा न्हाई, पोरी."

"नवं कुठं? आपलंच काढल्यालं हाय."

"सर्वपित्री झाली की बसवू. तवर जाळी हाय की!"

जाळी हाय की! हे मी ऐकलं. मला तोंड असतं तर त्यांना तिथेच थांबवलं असतं.

त्या दुपारी काच उघडी होती. गेणबा घासाचा भारा डोक्यावर घेऊन रानातून आले आणि रोजच्यासारखी अंगणातूनच हाक मारली, "करू, आलो गं!" दोन-अडीच वर्षांची करिश्मा दिवाणावर चढली. आबा दिसावेत म्हणून तिने माझ्यावर तळहात टेकले. तिचा जोर तो किती! माझी पट्टी चर्रकन सुटली. आम्ही दोघी एकदमच खाली आलो. गेणबांनी भारा टाकून हात पुढे करेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

तेव्हापासून या घरात कुणी मोठ्याने रडलं नाही, की कुणी कुणाला बोल लावला नाही. साधना आणि तिचा नवरा रविराज लेकीला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात बसून राहिले. इकडे पितृपक्ष सरायच्या आधीच गेणबांनी एकट्याने ग्रील बसवलं. पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. मग दिवाणावर बसले ते दिवेलागणीपर्यंत.

करिश्मा वाचली. पण चालताना एक पाय ओढते, आणि येत होते तेही शब्द हरवलेत. अजून तिने 'आबा' म्हटलेलं नाही. दिवाण आता समोरच्या भिंतीकडे आहे. मलाही धुऊन, ठिगळ लावून पुन्हा थापलंय, कारण डास काही थांबत नाहीत. मला मात्र आता त्या कौतुकाचं काहीच वाटत नाही.

परवा शेजारच्या वच्छलाबाई पोरीला बघायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याबी माडीला आसलीच बसवलीया. नातू दिसभर खिडकीतच आसतो. पर जाळी हाय, म्हणून घोर न्हाई."

कुशाबाई उठल्या आणि माझ्यावर नुसता तळहात टेकला. मी सुटून लोंबकळले.

वच्छलाबाईंचा चहा तसाच राहिला. चपला न घालताच त्या घराकडे पळाल्या.

मित्रांनो, तुम्ही मात्र खिडकीला हात लावू नका. घरातल्या मोठ्या माणसांना जाळी दाबून बघायला आणि ग्रील बसवायला सांगा. खाट, खुर्ची तिथून लांब ओढायला लावा. ते पंचांग बघायला लागले, तर मिटवून ठेवा. आणि 'जाळी हाय की' म्हणाले, तर त्यांना माझा निरोप द्या. डास मी अडवीन. लेकरू मला अडवता येत नाही.