बर्फातला विंझणा

मित्रांनो, मी एक जुना विंझणा आहे. माझी एक कड उसवली आहे, दांडीला सुतळी गुंडाळली आहे आणि अंगाला कोळशाचा वास येतो. तरी माझी कीव करू नका. मी डोंगरातल्या हमदान शहरात राहतो. इथे माणसे तोंडातून वाफ सोडत चालतात आणि हिवाळ्यात गल्लीत गुडघाभर बर्फ साचते. अशा गावात विंझण्याचे काय काम, असे मला पहिल्या दिवसापासून जो तो विचारत आला. त्याचेच उत्तर द्यायला मी आज बसलो आहे.

माझा जन्म खूप खाली दक्षिणेला, मुहम्मरा गावात, नदीकाठच्या खजुरीच्या बागेत झाला. नश्मिया नावाच्या बाईने मला विणले. खजुरीची कोवळी पाने तिने सावलीत वाळवली, पुन्हा भिजवली, त्यांच्या पट्ट्या काढल्या आणि चटईसारखी वीण घातली. मधे शोभेला लाल पट्ट्या घातल्या. झापाच्या देठाची दांडी बसवली. विणताना ती माझ्याशी बोलत होती.

"घट्ट बस रे बाबा. माझ्या घरात आळशाला भाकरी नाही."

मी घट्ट बसलो. तिकडच्या उन्हाळ्यात हवा भट्टीच्या तोंडासारखी लागते. मी तान्ह्या मुलांना वारा घातला, मासळीवरच्या माश्या हाकलल्या, आणि खोड्या करणाऱ्यांच्या पाठीवरही बसलो. पण माझे खरे काम कॉफीच्या आगीपाशी होते. नश्मियाच्या अरब लोकांत अंगणात आग आणि आगीवर चोचीची कॉफीची किटली असली म्हणजे घर उघडे. आग विझली की घर बंद, मग दाराला कडी असो वा नसो. पाहुण्याला बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात कडू घोट द्यायचा. पेला रिकामा झाला की पुन्हा घोट. पुरे झाले की पाहुण्याने पेला हलवून परत करायचा. न हलवता दिला तर यजमान ओततच राहणार. हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. या सगळ्यात निखारा जागता ठेवायचे काम माझे. पाहुणे म्हणायचे, "नश्मियाच्या घरची आग झोपत नाही." ते ऐकून माझी वीण ताठ होई.

मग घरात विजेचा पंखा आला. नश्मियाचा मुलगा चासिब तो घेऊन आला. "युम्मा, आता तुझ्या मनगटाला आराम," असे आईला म्हणत त्याने मला कपाटावर भिरकावले. मी धुळीत पडून राहिलो. रुसलो नाही. वीज जाईल तेव्हा बघू, असे मनाशी म्हणालो.

मित्रांनो, वीज गेली, पण तिच्याबरोबर सगळेच गेले. शेजारच्या देशाशी लढाई पेटली. नदीपलीकडून तोफगोळे पडू लागले. पंखा बंद पडला तेव्हा नश्मियाने धूळ झटकून मला पुन्हा हातात घेतले. काही दिवसांनी चासिब एक मालट्रक घेऊन धावत आला आणि म्हणाला, "चला, जसे आहात तसे." मला कुणी मुद्दाम बरोबर घेतले नाही. नश्मिया वारा घेत होती, तशीच ती ट्रकात चढली. दुसऱ्या हाताने तिने तेवढी कॉफीची किटली बुरख्याखाली धरली होती. तिची नात हसना मांडीवर होती आणि सून शेजारी रडत होती. डोंगर लागले तसा नश्मियाचा हात मंद होत गेला. वर एका घाटात तो थांबला. वारा नको म्हणून मला थांबवलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

हमदानमध्ये आम्हाला एका जुन्या घराच्या अंगणाकडच्या दोन खोल्या मिळाल्या. पलीकडच्या बाजूला तूबा-खानम आणि तिचा नवरा बराती राहत. बराती कातडे कमावण्याचे काम करी. चासिब बाजारात ओझी उतरवू लागला, सून शिवणाच्या कारखान्यात जाऊ लागली. घरी आजी आणि नात. नश्मियाला तिथली भाषा मोडकीतोडकी येई, पण भांडण्यापुरती पक्की येई.

पहिल्याच दिवशी तूबा-खानमने मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"अगं बाई, पंखा आणलास? आमच्या डोंगराचा वारा तुला कमी पडला का?"

"तुमचा वारा दातखीळ बसवतो," नश्मिया म्हणाली. "माझा माणसं जमवतो."

पण माणसे जमेनात. नश्मियाने एक लोखंडी शेगडी मिळवली, कॉफी भाजली, कुटली, किटली चढवली आणि दाराशी बसली. गल्लीतून लोक मफलरात नाक खुपसून निघून जात. चासिब म्हणे, "युम्मा, इथे कुणी येणार नाही. इथली माणसं दार लावतात, शेगडीवर तिवई ठेवतात, तिच्यावर रजई पसरतात आणि आत पाय घालून बसतात. चहा पितात, साखरेचा खडा गालात ठेवून."

"मग ते लावू देत दार. आपण का लावायचं?"

"थंडी आहे म्हणून!"

"थंडी त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे आग आहे."

मित्रांनो, तिला दुसरे काही नको होते. या गावातल्या कुणीतरी तिच्या आगीपाशी बसावे आणि तिच्या हातचा पेला प्यावा. ती म्हणायची, "जिथे माझ्या हातचं कुणी प्यायलं नाही, तिथे मी राहते असं मी कसं म्हणू? तिथे मी नुसती पडलेली आहे, सांडलेल्या पाण्यासारखी."

मग बर्फ आले. चासिबने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, काचेवर प्लॅस्टिक ठोकले, दाराखाली पोते सरकवले. खोली डबीसारखी बंद झाली. आणि इथेच आमच्या लोकांकडून एक मोठी चूक झाली. आमच्या गावी कॉफीची आग उघड्या अंगणात पेटते, नाहीतर बोरूच्या झोपडीत, जिच्या भिंतींतून पलीकडचे दिसते. धुराला वाट द्यावी लागते हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. वाट असायचीच. त्या दुपारी नश्मियाने काळे कोळसे बंद खोलीतच पेटवले. मीही मन लावून वारा घातला. वाटले, कॉफीचा वास गल्लीत जाईल आणि कुणीतरी येईल. वास कुठून जाणार? हसना "बीबी, डोकं दुखतं," म्हणाली आणि आजीच्या कुशीत पडली. आजीला वाटले, थंडी भरली. तिचाही हात जड झाला. मी तिच्या बोटांतून सुटून खाली पडलो.

तूबा-खानम भांडायला आली म्हणून आम्ही वाचलो. आमची राख तिच्या पायरीवर उडाली होती. तिने दार ढकलले, आणि तोंडातली शिवी तोंडातच राहिली. तिने हसनाला उचलून बर्फात नेले, नश्मियाला ओढत बाहेर काढले. मग तिची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर हसलेल्या त्याच बाईने मला उचलले आणि त्या भर बर्फात पोरीच्या तोंडावर सपासप वारा घातला. मी असा कधीच हललो नव्हतो. बराती चपला न घालताच डॉक्टरला बोलवायला धावला. पोरीने डोळे उघडले, ओकारी काढली आणि रडू लागली. त्या रडण्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

तूबा-खानम तिथेच बर्फात बसली आणि ओरडली, "अगं वेडे! कोळसा बाहेर लाल करायचा असतो. काळं काही उरू द्यायचं नाही, आणि तरी खिडकीला फट ठेवायची. आमच्याकडे पोरींना हे लग्नाआधी शिकवतात!"

नश्मियाला उठवत नव्हते, पण जीभ उठली. "आमच्याकडे भिंतींनाच फटी असतात," ती म्हणाली.

संध्याकाळी चासिब घरी आला. त्याने मुलीला छातीशी धरले. मग त्याला मी दिसलो.

"हाच! हाच पेटवतो सगळं!" त्याने मला गुडघ्यावर धरून मोडले. कडकन आवाज झाला. तो माझा. "उद्यापासून या घरात कोळसा नाही, कॉफी नाही. चहा करा. इथे राहायचं तर इथल्यासारखं राहा. मुहम्मरा संपलं, युम्मा!"

नश्मिया खाली वाकली. तिने माझे दोन तुकडे गोळा केले, मोडलेल्या जागी काटकी लावली आणि सुतळी गुंडाळत बसली. शेवटची गाठ दातांनी ओढून ती म्हणाली, "हसना वाचली, म्हणून आज मी तुला काही बोलत नाही. घरात पेटवणार नाही, हे तुझं ऐकलं. पण तू घराबद्दल बोललास. अंगण तुझं नाही."

दुसऱ्या दिवशी बर्फ थांबले होते आणि लखलखीत ऊन पडले होते. त्या उन्हात ऊब मुळीच नव्हती. नश्मियाने बुरख्यावर चासिबचा जुना कोट चढवला, पायांना पोती बांधली आणि हातात शेगडी घेऊन ती अंगणात उतरली. परातीने बर्फ ओढून जागा केली, गल्लीकडचा दरवाजा सताड उघडला आणि कोळसे रचले. मग मला हातात घेतले. माझी दांडी दुखत होती. मी म्हणालो, दुखू दे. थंडीने माझी पाने कडक झाली होती. मी म्हणालो, होऊ दे, कडक पानाचा वारा चांगला लागतो. आम्ही दोघे कामाला लागलो. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग निघेनासा झाला. कोळसे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल झाले आणि शेगडीभोवतीचे बर्फ विरघळून ओली माती दिसू लागली.

गल्लीत घोळका जमला. कुणी ओरडले, "या रे या, दक्षिणेची म्हातारी बर्फ भाजतेय!"

बराती कामावर निघाला होता. तो दरवाज्यात थबकला. "बाई, देवाचं अख्खं अंगण तापवणार आहात का?"

"बस," नश्मिया म्हणाली. "बसलेल्या माणसाशी मी बोलते."

बराती भिडस्त माणूस. बस म्हटल्यावर निघून कसे जायचे? तो उलट्या बादलीवर बसला. तिने पेला दिला. त्याने घोट घेतला आणि त्याचे डोळे कपाळात गेले. इतके कडू त्याने जन्मात प्यायले नव्हते. कसाबसा गिळून, हसून त्याने पेला परत केला. अर्थात, न हलवता. तिने पुन्हा ओतले. दिलेले नाकारणे त्याच्या गावच्या रीतीत बसत नव्हते. त्याने पुन्हा गिळले. तिने पुन्हा ओतले. नश्मियाच्या मनात त्याची किंमत घोटागणिक वाढत होती, आणि बरातीच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम फुटला होता.

तूबा-खानम येऊन बघू लागली. "अहो, कामावर जायचंय ना?"

"ही थांबेल तेव्हा!" बराती ओठ न हलवता पुटपुटला. "नाही म्हटलं तर वाईट वाटेल बिचारीला."

रजईत गुंडाळलेली हसना पायरीवर बसली होती. ती खिदळली. "आजोबा, पेला हलवा! हलवल्याशिवाय बीबी सोडत नाही!"

बरातीने पेला असा जोरात हलवला की उरलेले थेंब बर्फावर उडाले. आधी हसना हसली, मग तूबा-खानम, मग गल्ली. काय झाले ते नश्मियाला कळायला जरा वेळ लागला. कळले तेव्हा ती इतकी हसली की मी तिच्या हातात लटपटलो. त्या गावात आल्यापासून मी तिचे हसणे ऐकले नव्हते.

"सर गं," तूबा-खानम म्हणाली आणि शेजारी उकिडवी बसली. "मला दे. कुठे थांबायचं ते मला कळतं." तिने घोट घेतला, तोंड वाकडे केले, पदराच्या गाठीतून साखरेचा खडा काढून गालात सरकवला आणि पेला पुढे केला. "आण आणखी." साखर पाहून नश्मियाचा चेहरा पडला, पण तिने ओतले. पाहुण्याच्या गालात काय आहे, हे यजमानाने बघायचे नसते.

त्या दिवशी चासिब परतला तेव्हा अंगणात आगीभोवती हातांचे कडे होते. बाजारात त्याला नावानेही हाक न मारणारी माणसे त्याच्या आईसमोर बादल्यांवर बसली होती. कुणीतरी सरकून त्याला जागा दिली. तो बसला नाही. आत गेला आणि एक खिळा आणि हातोडी घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "युम्मा, चुकलो. विंझण्याला आता त्रास नको. आत भिंतीवर लावतो. मानाने राहील."

मित्रांनो, मोडले तेव्हा मी घाबरलो नव्हतो. तो खिळा पाहून घाबरलो.

नश्मियाने खिळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "भिंतीवर मेलेल्यांना लावतात," ती म्हणाली. "माझं मनगट भरून आलंय. तुझा हात दे."

चासिबने हातोडी खाली ठेवली. तो आईजवळ ओल्या मातीत बसला आणि त्याने माझी दांडी धरली, बरोबर त्याच जागी, जिथे त्याने ती मोडली होती. पहिले दोन झोके वाकडे गेले. "मनगटातून," आई म्हणाली, "खांद्यातून नाही. ओझी उतरवतोयस का?" मग त्याला जमले. पुन्हा बर्फ भुरभुरू लागले होते. माझ्यावर पडणारा प्रत्येक कण वितळून जात होता.

तेव्हापासून माझ्यावर पुष्कळ बर्फ पडले. मी अजून भिंतीवर गेलेलो नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या गावातही कधी दूरच्या, वेगळ्या हवेतून कुणी येईल. त्याच्या हातात तुम्हाला न कळणारी एखादी वस्तू असेल. तिच्यावर हसायचे तर खुशाल हसा, आम्ही हसण्याने वितळत नाही. पण 'इथे याचे काय काम?' असे विचारून पुढे जाऊ नका. आणि जुन्या वस्तूंवर माया असेल, तर त्यांना खिळ्यावर टांगून नमस्कार करू नका. उसवलेली कड शिवा, मोडकी दांडी बांधा आणि हातात धरा. एवढे केलेत, तर बाकीचे आमचे आम्ही बघून घेऊ.