बेसनाच्या लाडूंचा गट

आमच्या गिरिजेला उपाशी माणूस दिसला की तिचा जीव कासावीस होतो, आणि तिच्या मते मी सोडून सगळं जगच उपाशी असतं. पंच्याऐंशी साली बँकेनं माझी सोलापूरहून जयपूरला बदली केली. मालवीय नगरातल्या आमच्या गल्लीत तिची चटणी आधी पोचली, हिंदी मागाहून.

शेजारची विभा मराठीच, पण इथंच वाढलेली. तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालायचं. ती एम.डी.चा प्रबंध लिहीत होती. पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक हार्मोन आटतं आणि रक्तवाहिन्या ताठर होतात. त्या हार्मोनसारखंच काहीतरी काही वनस्पतींतही असतं. ते खाल्ल्यानं रक्तवाहिन्या पुन्हा सैल होतात का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी तसलं काही आधीपासून न खाणाऱ्या पन्नाशीच्या बायका हव्या होत्या.

"मावशी, तुम्ही अलसी, मतलब..." तिनं गिरिजेला विचारायला सुरुवात केली.

"मी आळशी? कधीच नाही!" गिरिजेनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आळशी हे!"

"अंकल खातात तर चालेल," विभा म्हणाली. "फक्त तुम्ही खाल्लेली नको."

झालं, भरती झाली. हिवाळाभर दर शनिवारी उपाशीपोटी विभाच्या मेडिकल कॉलेजात जायचं. तिथं दंडाला पट्टा आवळून सोडत आणि हातात रक्त किती जोरानं परत धावतं ते यंत्रावर बघत. मग निम्म्या बायकांना आठवड्याचे अलसीचे लाडू, निम्म्यांना बेसनाचे. गिरिजा बेसनाच्या गटात पडली.

हिवाळा संपला आणि विभा आमच्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. दोन्ही गटांच्या रक्तवाहिन्या सारख्याच सैल झाल्या होत्या. फरकच नाही, म्हणजे अलसीनं काही केलं हे सिद्ध कसं करायचं? तिचे गाइड सर प्रबंध नाकारणार होते.

गिरिजेनं तिच्यापुढे भाकरी-चटणी ठेवली. दोन घास खाऊन विभा थांबली.

"मावशी, यात काय आहे?"

"जवस."

"जवस मतलब?"

गिरिजेनं डबा उघडून दाखवला.

"ये तो अलसी है! तुम्ही रोज खाता?"

"रोज. आणि तिथल्या सगळ्या बायकांना दर शनिवारी बरणी भरून देते. बिचाऱ्या उपाशी येतात गं!"

मला हसू फुटलं. दोघींनी असं बघितलं की मी मुकाट्यानं पेपर उचलला.

सोमवारी गिरिजा स्वतः सरांपुढे उभी राहिली. सरांनी खूप सुनावलं. तिनंही सुनावलं. "इतनी औरतों को उपाशी बुलाते, चाय तक नहीं पूछते! गलती मेरी है, तो सजा पोरी को क्यों?" सरांनी विभाला आणखी एक हिवाळा दिला. अट एकच, गिरिजा फाटकाच्या आत दिसता कामा नये.

तो हिवाळा तिला फार जड गेला. शनिवार उजाडला की ती खिडकीशी जाऊन बसायची. मला तिची दया यायची.

होळीच्या सुमारास विभा पेढे घेऊन आली. फरक मिळाला होता! गिरिजेनं तिला पोटाशी धरलं, डोळे पुसले, पेढा उचलला आणि तो हातातच राहिला.

"म्हणजे बेसनवाल्यांच्या रक्तवाहिन्या?"

"होत्या तशाच, मावशी! एकदम ताठर!" विभा आनंदानं म्हणाली.

गिरिजेनं पेढा बशीत ठेवला.

"त्यांचे पत्ते दे," ती विभाला म्हणाली, आणि मला म्हणाली, "स्कूटर काढा."